वरून खाली, फुकटात

२ सप्टेंबर, सोमवार

आज कॉम्प्युटर दुरुस्तीवाला येऊन गेला. माझा कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ का घेतो, असं विचारलं तर म्हणाला, "जुना झालाय." एवढं निदान आमच्या ह्यांनीही केलं असतं, आणि तेही दोनदा चहा न मागता. जाता जाता एक बरं काम मात्र करून गेला. फायली एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर पाठवायचा एक प्रोग्रॅम त्यानं वर माझ्याकडे आणि खाली मशीनच्या खोलीत, दोन्हीकडे टाकून दिला. फार डोकं लागत नाही. डावीकडे माझ्या फायली, उजवीकडे खालचा कॉम्प्युटर. इथून उचलायची, तिथे सोडायची. सोबत चार ओळींची चिठ्ठी लिहायला एक चौकोन आहे. सगळं फुकट. हे म्हणाले, "फुकट ते पौष्टिक," आणि आपल्याच विनोदावर हसत बसले.

सगळ्यांना सांगितलं, मामंजींच्या गुडघ्यांसाठी करते आहे. स्वेटरची डिझाईनं मी वर काढते, धाकटी जाऊ खाली मशीनवर विणते. आम्ही दोघी बोलत नाही, त्यामुळे डिझाईनचा पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात घालून मामंजी जिन्यानं वर-खाली करतात. कचेरीत टायपिस्ट म्हणून जन्म काढला, आता आमचे पोस्टमन झालेत. लोकांना गुडघे सांगितले, पण खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. एवढासा पेन ड्राइव्ह पोचवायला त्यांना अख्खी सकाळ लागते. खाली चहा होतो, गप्पा होतात, आणि वर येताना ते तिकडचं काहीतरी गोड घेऊन येतात. "धाकटी म्हणत होती, नक्षी काढावी तर थोरलीनं." धाकटी असं म्हणाली असेल तर मी नाव बदलीन. हीच बाई गिऱ्हाइकासमोर म्हणाली होती, "वर बसून चौकोन रंगवायला काय लागतं?" मी म्हटलं होतं, "मशीन चालवायला हात लागतात, डोकं लागत नाही." तेव्हापासून बोलणं बंद आहे, आणि घरात शांतता आहे.

४ सप्टेंबर, बुधवार

शाळेचं काम येण्यासारखं आहे. अख्ख्या शाळेचे स्वेटर, दर वर्षी. आधी एक नमुना करून द्यायचा, तो मुख्याध्यापिकाबाईंना पसंत पडला की बाकीचे. हे नमुन्याच्या पिशव्या घेऊन गावभर हिंडतात, त्यातून इतक्या वर्षांत आलेलं हे पहिलं धड काम.

भावजी वर आले होते. सूत आणणं आणि कपाळाला आठ्या घालणं ही दोन कामं ते चोख करतात. म्हणाले, "वहिनी, मागच्या हंगामात बाह्या लहान-मोठ्या झाल्या आणि गिऱ्हाईक गेलं. हेही गेलं तर मशीनं वाटून घेऊ. आपापलं बघू. बाबांनी कुणाकडे राहायचं ते बाबांनी ठरवावं."

मामंजी कोपऱ्यात पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "मी जिन्यात राहीन. मला सवय आहे."

 त्यांना विषयाचं गांभीर्य कळलं नसावं. वयाप्रमाणे होतं असं.

५ सप्टेंबर, गुरुवार

पहिली फाइल पाठवली. चिठ्ठीत लिहिलं, "फाइल पाठवली आहे. उघडता येत नसेल तर शिकून घे."

थोड्या वेळानं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते. "आदरणीय वहिनी, फाइल मिळाली. काम अत्यंत सुबक आहे. आपला हात धरणारे कोणी नाही. कळावे."

वाचून अंगाचा तिळपापड झाला. सरळ सरळ कुचेष्टा. म्हणे आदरणीय. बोलत होती तेव्हा मला ताई म्हणायची, आता परकं करायला वहिनी. आणि 'कळावे' काय? मी काय कचेरी आहे? दुपारी मशीनं बंद असताना खालून कीबोर्ड बडवल्याचा आवाज येत होता. लिहिताना गोड आणि बोटांत राग, अशी ही बाई आहे.

मामंजी हल्ली दिवसभर खालीच असतात. म्हटलं, आता न्यायला-आणायला काही नाही, वर निवांत पडा. तर म्हणाले, "खाली उजेड बरा आहे." खाली उजेड? तिथे एक खिडकी, आणि तिच्यापुढे सुताची पोती.

९ सप्टेंबर, सोमवार

मी लिहिलं, "निळी पट्टी मी काढली तशीच येऊ दे. तुझी कलाकुसर नको."

उत्तर आलं, "आदरणीय वहिनी, पट्टी आपण दाखवल्याप्रमाणेच येईल. आपण फार थकत असाल. जरा विश्रांती घ्यावी. खांदा कसा आहे? कळावे."

मला म्हातारी म्हणते आहे. खांद्याची चौकशी कशाला? माझा खांदा दुखतो हे तिला सांगितलं कुणी? मामंजींकडे सकाळीच तेल मागितलं होतं, तेवढं एक सोडलं तर मी कुणाजवळ बोलले नाही. ह्या घरात भिंतींना कान आहेतच, आता तोंडंही फुटली.

जेवताना मामंजींनी विचारलं, "आज बरं वाटलं का तुला?" म्हटलं, कशानं? "नाही, असंच," म्हणाले, आणि ताटात बघत राहिले.

१२ सप्टेंबर, गुरुवार

मामंजींना सर्दी झाली. दिवसभर वरच होते. त्यांना वाफारा देण्यात माझी सकाळ गेली, त्यामुळे बाह्यांची फाइल नुसतीच पाठवली, चिठ्ठी न लिहिता.

त्यावर उत्तर आलं, "मिळाली. बाहीची पट्टी वाकडी आहे. वर बसून दिसत नसेल."

बस्स. ना आदरणीय, ना कळावे. मी काही लिहिलं नव्हतं तर ही अशी भुंकली. मी लिहिते तेव्हा शेपूट हलवते. म्हणजे हिला जरा धाकात ठेवलेलंच बरं, हा धडा मी आज घेतला. पट्टी वाकडी होती, ती सरळ केली. हे तिला सांगायची गरज नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

मामंजी नाक पुसत पुसत खाली गेले. नको म्हटलं तरी ऐकलं नाही. जाताना माझ्या खुर्चीतली उशी काखेत मारून नेली.

दुपारी खालून आलं, "आदरणीय वहिनी, कालच्या उत्तराबद्दल क्षमस्व. घाईत लिहिले गेले. पट्टी आता उत्तम. कळावे."

आता हिची खरी गंमत वाटायला लागली आहे. एक दिवस भांडते, दुसऱ्या दिवशी पाया पडते. भावजींचं कसं होत असेल कोण जाणे. पण 'पट्टी आता उत्तम' हे वाचून बरं वाटलं, खोटं का बोलू? कौतुक दुष्मनाकडून आलं तरी कौतुकच असतं.

१८ सप्टेंबर, बुधवार

आज नमुन्याची शेवटची फाइल गेली. ह्या खेपेचं सूत ताठ आहे. नक्षी फाइलमधून जाते, पण विणीचा ताण मशीनवर हातानं बसवावा लागतो, तो काही फाइलमधून जात नाही. सुताकडे बघून गळ्याचा ताण कमी करायला हवा, नाहीतर डोकं आत जायचं नाही. एरवी मी सरळ लिहिलं असतं, पण आज लेखणीला धार होती. चिठ्ठी लिहिली ती अशी: "सूत अगदी तुझ्यासारखं आहे, ताठ आणि न वाकणारं. तेव्हा गळा सैल सोड, नाहीतर तुझ्याशी बोलताना माझा आवळतो तसा पोरांचा आवळेल. तुझी जीभ सैल असतेच, एकदा मशीनही ठेवून बघ."

दोनदा वाचली. एकही वाक्य वाया गेलेलं नाही. काम सांगितलं आणि मापही काढलं. असं लिहायला डोकं लागतं.

उत्तराला आज फार वेळ लागला. शेवटी आलं, "आदरणीय वहिनी, नमुना लगेच घेते. आपल्या आपुलकीच्या शब्दांबद्दल आभारी आहे. कळावे."

आपुलकी? हिला वाचता येतं की नाही अशी शंका यायला लागली आहे.

२३ सप्टेंबर, सोमवार

नमुना तयार झाला. ह्यांनी घडी घालून, कागदात गुंडाळून शाळेत नेला. उलगडून बघितला का, विचारलं. म्हणाले, "घडी इतकी छान बसली होती, मोडवेना." नवरा म्हणून मला हा माणूस मिळाला, ह्याचंही कधीतरी काहीतरी कारण सापडेल.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

नमुना परत आला.

मुख्याध्यापिकाबाईंनी वर्गातल्या एका मुलाला घालायला दिला. डोकं अडकलं. ते पोर स्वेटरमध्ये हात वर करून उभं, आणि बाई आणि शिपाई दोन बाजूंनी ओढताहेत. हे तिथेच होते. म्हणाले, "रंग मात्र सगळ्यांना आवडला."

भावजी जिन्यातच उभे राहून म्हणाले, "झालं ना? महिना संपला की वाटून घेऊ." खालून धाकटीचा आवाज आला, मला ऐकू जावं अशा बेतानं, "वरून सांगायला काय झालं होतं?" सांगायला! माझ्याकडे पाठवलेल्या चिठ्ठीची प्रत आहे. प्रोग्रॅममध्ये 'जुने' म्हणून एक खण आहे, त्यात सगळं जमा होतं. उद्या खाली जाऊन तिच्या नाकासमोर धरते.

मामंजी जेवले नाहीत. पेन ड्राइव्ह खिशातून काढून टेबलावर ठेवला, परत खिशात घातला. मी विचारलं, पोट बिघडलंय का? म्हणाले, "जिना फार लहान आहे गं. एका माणसाला पुरायचा नाही." मी ओव्याची पूड दिली.

२८ सप्टेंबर, शनिवार

आज इतकं लिहायचं आहे की कुठून सुरू करू कळत नाही.

सकाळी खाली गेले. भांडणानंतर पहिल्यांदा. मशीनं बंद होती, धाकटी जमिनीवर बसून परत आलेल्या नमुन्याचा गळा उसवत होती. मी बोलणार नव्हते, सरळ कॉम्प्युटरपाशी गेले. खुर्चीत माझी उशी. टेबलावर मामंजींच्या चष्म्याचं घर, सर्दीच्या गोळ्या, आणि त्यांची कचेरीतली लाकडी फूटपट्टी, ओळीखाली धरायची. मनात म्हटलं, ह्यांनी इथे बिऱ्हाडच थाटलंय.

'जुने' उघडलं आणि १८ तारखेची चिठ्ठी मोठ्यानं वाचली. एकेक शब्द ठासून. म्हटलं, "ऐकलंस? गळा सैल सोड. इथे लिहिलंय."

धाकटी उठून उभी राहिली. "हे मला कुणी वाचून दाखवलं नाही."

"वाचून कशाला दाखवायला हवं? तुला वाचता येत नाही?"

"ताई, माझे हात दिवसभर सुतात आणि तेलात. मी कीबोर्डला कधी लागू? त्यांच्या सर्दीचा एक दिवस सोडला तर मामंजीच वाचतात. मी मशीनवरून ओरडून सांगते, ते लिहितात."

मी खुर्चीत बसले. उशीवर.

"मग त्या दिवशी त्यांनी काय वाचलं?"

धाकटीनं आठवून सांगितलं, "म्हणाले, थोरली लिहिते, तुझ्यावर माझा विश्वास आहे, सावकाश कर. मला जरा नवलच वाटलं."

चिठ्ठीत एक वाक्य असं नव्हतं ज्यात काटा नाही. त्यांनी काटे काढायला घेतले असतील, आणि काटे काढता काढता गळाही गेला. म्हणजे गळा आवळला माझ्याच धारदार लेखणीनं, असं कुणी म्हणू शकेल. मी म्हणत नाही.

मग आम्ही पहिल्यापासून सगळं काढलं. मी माझ्या चिठ्ठ्या वाचायची, आणि ती, आपण खरं काय बोललो ते सांगायची. "आपला हात धरणारे कोणी नाही" म्हणजे मुळात "कुणीतरी हात धरा रे हिचा." "फार थकत असाल, विश्रांती घ्यावी" म्हणजे "म्हणावं, आता जरा गप्प बसा." आणि 'आपुलकीचे शब्द' तर तिच्या तोंडून निघालेच नव्हते. ती त्या दिवशी नुसतं "बरं" म्हणाली होती.

"आणि मी 'शिकून घे' लिहिलं, ते कसं वाचलं?"

"घाई नाही, तुला जमेल तेव्हा उघड."

ती हसायला लागली. भिंतीला टेकून, तोंडावर सुताचा गुंडा धरून. मला राग यायला हवा होता. पण हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग वाईट वाटलं. ह्या महिन्यात मला जे चार शब्द बरे वाटले, ते सगळे एका म्हाताऱ्या माणसानं टाइपरायटरवर बडवावेत तसे बडवून काढले होते. आणि त्याआधी, पेन ड्राइव्हबरोबर वर यायचे ते? ते मी विचारलं नाही. धाकटीनंही सांगितलं नाही.

कोपऱ्यातल्या लहान मशीनवर काहीतरी अर्धवट विणलेलं होतं. मी बघते आहे म्हटल्यावर तिनं अंगानं आड केलं. "तुमच्या खांद्याला पट्टा," म्हणाली. "मामंजी म्हणाले, दुखतो. तुम्ही इतकं चांगलं लिहिता म्हटल्यावर..." आणि सुटलेलं सुताचं टोक आत खोचायला लागली. रंग मातकट आहे. हिला रंगातलं काही कळत नाही.

"मामंजी आहेत कुठे?" मी विचारलं. तिला वाटत होतं वर असतील, मला वाटत होतं खाली असतील.

तेवढ्यात हे आले, मामंजींना हाताला धरून. म्हणे बाबा एकटेच शाळेत जाऊन बसले होते. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीबाहेर, बाकावर. बाईंना म्हणाले, "सुनांची काही चूक नाही. एकीनं नीट सांगितलं, दुसरीनं नीट ऐकलं. चूक माझ्या वाचण्यात झाली." बाईंनी मंगळवारपर्यंत दुसरा नमुना आणायला सांगितलं. ह्यांना काहीच उलगडा झालेला नव्हता. म्हणाले, "बाबांना कसलं वाचायचं असतं?"

मामंजी आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. दोघी एका खोलीत कशा, हे त्यांना समजेना. धाकटीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. कॉम्प्युटर मी आधीच बंद केला होता.

"मी उशी न्यायला आले होते," मी म्हटलं.

"न्या ना," धाकटी म्हणाली, "इथे कुणाला हवी आहे?"

मामंजींचा जीव भांड्यात पडला. आम्ही अजून भांडतो आहोत हे बघून इतकं बरं वाटलेला माणूस मी पाहिला नाही. उशी मी तिथेच विसरले.

१ ऑक्टोबर, मंगळवार

डोकं गेलं. एकदा नाही, तीन पोरांची गेली. काम मिळालं. भावजी वाटणीचं काही बोलले नाहीत, नवं सूत कुठून आणायचं ह्यावर आठ्या घालून बसलेत. हे म्हणतात, घडी चांगली घातली म्हणून झालं.

ताण बसवताना मी खाली उभी होते. मामंजी झोपले होते तेव्हा. धाकटीचा हात खरंच चांगला आहे, पण ते तिला मी सांगणार नाही. त्यासाठी माणूस ठेवलेला आहे.

५ ऑक्टोबर, शनिवार

आमचं दोघींचं ठरलं आहे. कामाची सूचना फाइलच्या नावातच लिहायची: 'बाही, ताण नेहमीचा', 'गळा, सैल'. नाव धाकटी मशीनवरून मान वळवली की वाचू शकते, अक्षरं मोठी करून ठेवली आहेत. चिठ्ठीत कामाचं काही नाही. चिठ्ठी मामंजींसाठी मोकळी सोडली आहे.

आज प्रोग्रॅम उघडल्यावर मध्येच एक पाटी आली. नवी आवृत्ती फुकट मिळते आहे, आलेली चिठ्ठी आता आपोआप मोठ्यानं वाचून दाखवली जाईल, घ्यायची का? ज्यानं हे बनवलं त्याच्या घरात माणसं नसावीत. 'नको' दाबलं. परत विचारलं, परत 'नको' दाबलं.

मग चिठ्ठी लिहिली, "कालचं विणकाम बघितलं. मांजर गुंड्याशी खेळलं असतं तरी ह्याहून बरं झालं असतं."

खालून बडवाबडवी ऐकू आली. उत्तर आलं, "आदरणीय वहिनी, काम पसंत पडल्याचे वाचून समाधान वाटले. पट्टा आज पूर्ण झाला, सोबत पाठवते. कळावे." पट्टा कुठल्या फाइलमधून येणार? मामंजीच तो खांद्यावर टाकून जिना चढून वर आले. म्हणाले, "धाकटीनं किती मनापासून केलाय बघ." मातकटच आहे. आत्ता अंगावर आहे, कारण काढायला खांदा उचलावा लागतो.

मांजराचं वाक्य जरा मवाळच झालं. त्यांना त्यातून गाळायला फारसं काही मिळालं नसणार. उद्या काहीतरी जहाल लिहायला हवं.